नांदुऱ्याचे अजिंक्य आजारी

नांदुऱ्याच्या बुद्धिबळ मंडळात पहिल्या चार वर्षांत एकशे अठ्ठावन्न डाव निकाली झाले आणि त्यांत कोणीही हरलं नाही. खोटं वाटत असेल तर मंडळाची वही पाहावी. मी चिटणीस, वही माझ्याकडेच असते.

याचं मूळ एका ठरावात आहे. मंडळ नवं असताना एक सभासद हिवतापात खेळायला बसला, हरला आणि सगळ्यांदेखत रडला. सभेला कणव आली, ती हार खोडली गेली. ठरलं असं, की डाव मांडण्याआधी खेळाडूने आपल्या दुखण्याची नोंद सहीनिशी केली असेल तर त्याची हार धरू नये. जीत मात्र धरावी, कारण आजारी माणसाने जिंकणं अधिक कौतुकाचं. ठराव एकमताने मंजूर झाला आणि पुढच्या रविवारपासून मंडळात साथ आली.

अध्यक्ष वामनराव वकील यांना अर्धशिशी. हिंमतराव देशमुखांना मूळव्याध. ते घरून जाड गादी घेऊन येत आणि डाव बिघडला की तिच्यावर कूस बदलत. शालिग्राम किराणावाले डाव्या कानाने बहिरे. त्यांना समोरच्याने दिलेला शह ऐकू येत नसे. बाहेर ओट्यावर कोणी त्यांच्या दुकानच्या तुरीच्या डाळीत खडे निघाल्याचं बोललं तर येई. दुखणी खोटी होती असं मी म्हणत नाही. हिंमतराव सबंध लग्नं उभ्याने पार पाडत, हे गावाने पाहिलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की डाव जिंकल्यावर दुखणी लवकर उतरत.

सन चौतीसच्या हिवाळ्यात हिंमतरावांच्या गादीतला कापूस दबला, म्हणून फकीर मोहम्मद पिंजाऱ्याला मंडळातच बोलावलं. चाळीस वर्षं कापूस पिंजून त्याचा उजवा हात धनुकलीच्या तातीसारखा थरथरत असे. धनुकली हातात असली तेवढा वेळ हात स्थिर राही. रिकामा झाला की पुन्हा सुरू. आवारात कापूस उडवता उडवता तो दारातून पटाकडे पाहत होता.

"देशमुखसाहेब, तुमचा उंट फुकट चालला."

"तू कापूस पाह्य बे," हिंमतराव म्हणाले.

दोन चालींनी उंट गेला. हिंमतराव चिडून म्हणाले, "ये मंग, तूच खेळ."

तो आला, अंगावरचा कापूस झटकून बसला आणि संध्याकाळपर्यंत तिघांनाही ओळीने मात देऊन उठला. त्या दिवशी वहीत तीन दुखणी आहेत. फकीर मोहम्मदला सभासद करून घ्यावं लागलं, कारण बाहेरच्याने हरवल्याची चर्चा बाजारात झाली असती.

पण त्याची एक अडचण होती. ज्या मोहऱ्याला हात लागेल ते चालवलंच पाहिजे, हा मंडळाचा नियम. याचा हात घोड्याकडे निघाला की वाटेत वजिराला, हत्तीला, सगळ्यांना रामराम करत जाई. पहिल्या दिवशी कोणी हटकलं नाही. तो जिंकतो असं दिसल्यावर नियमाची आठवण झाली.

तो सभेपुढे आला. "माह्यं दुखनं बी वहीत घ्या. नाईतर असं करा, मी तोंडानं चाल सांगतो, मोहरं दुसऱ्या कोनी हलवा."

वामनराव म्हणाले, "दाखला आहे?"

"कायचा दाखला, वकीलसाहेब? हात तं तुम्हाले दिसून राह्यला."

"तेच सांगतो. माझी अर्धशिशी कोणाला दिसते का? नाही. म्हणून माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. तुमचा हात सगळ्यांना दिसतो, म्हणजे शब्दाचा प्रश्नच उरत नाही. दिसणाऱ्या दुखण्याला पुरावा पाहिजे."

"बरोबर हाये," शालिग्राम म्हणाले. त्यांचा डावा कानच वामनरावांकडे होता.

फकीर मोहम्मद दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी विचारलं, धंदा काय? कापूस पिंजतो. रोज? रोज. डॉक्टरांनी लिहून दिलं, 'सदरहू इसम दररोज कापूस पिंजतो, सबब हात कामाचा आहे.' तो कागद त्याने आणून माझ्या हातात दिला. वाचता येत नसल्याने त्याला वाटलं काम झालं. मी वाचून दाखवला तेव्हा हिंमतराव गादीवरून खाली येईपर्यंत हसले. मंडळाकडे आलेला कागद फेकायचा नाही, अशी माझी पद्धत. तो मी वहीत डकवला.

त्याच महिन्यात मध्यप्रांत-वऱ्हाडचे सामने नागपूरला भरणार असल्याचं कळलं. प्रत्येक गावातून एक खेळाडू. आमच्यात तीन डावांनी निवड करायची ठरली. उभे राहिले वामनराव आणि फकीर मोहम्मद.

आदल्या दिवशी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. हात मांडीखाली दाबून धरला होता.

"चिटणीससाहेब, पुढल्या साली हा हात चहाचा कप बी धरनार नाई. यंदाच काय ते. मले नागपूरले जाऊ द्या."

"मी कोण जाऊ देणारा? डाव जिंक."

"डाव तं जिंकतो, पन हरत कोनीच नाई ना इथं. मले एकडाव असा मानूस पाह्यजे, जो हरला का हरलो म्हनते. त्याच्यासंगं खेळून पाहू द्या. मंग मी हरलो तरी चालते."

रविवारी वामनरावांनी वहीत 'अर्धशिशी, तीव्र' अशी सही केली, कपाळाला सुंठ लावली आणि बसले. पहिल्या डावात फकीर मोहम्मदचा हात घोडा उचलायला निघाला आणि करंगळी राजाला लागली. राजा चालवावा लागला; चार चालींत संपलं. दुसऱ्या डावात त्याने डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलं आणि एकेक चाल अशी केली, जशी दिव्याची काच पुसतात. शेवटी मात दिली ती प्याद्याने. देशी खेळात याहून मोठी नामुष्की नाही. वामनराव डोळे मिटून म्हणाले, "ठणका मारतो आहे. धरू नका." वहीप्रमाणे तो डाव धरला नाही. तिसऱ्यात मनगट घामाने निसटलं आणि बोटं वजिरावर पडली.

निकाल: वामनराव दोन, फकीर मोहम्मद शून्य. मंडळाच्या वहीत 'हार' असा रकाना चार वर्षं कोरा होता. त्यात पहिल्या दोन ओळी लागल्या, दोन्हींत एकच नाव.

वामनरावांनी नवा कोट शिवायला टाकला. तो शिवून यायच्या आत नागपूरचं पत्र आलं. मागच्या साली एक खेळाडू चालू डावात पटावरच कलंडला होता, म्हणून यंदा अट घातली होती: 'मंडळाच्या दप्तराप्रमाणे खेळाडू गेले बारा महिने निरोगी असल्याबद्दल चिटणिसाची सही पाहिजे.'

मी सभा बोलावली आणि वही उघडून वाचली. वामनराव, बारा महिने: अर्धशिशी बावीस वेळा, पित्त सहा, उचकी दोन, डावा डोळा फडफडणे एक. एकूण एकतीस, सगळ्या स्वहस्ते.

"खोडून टाका," वामनराव म्हणाले.

"खोडतो. पण मग ठरावाप्रमाणे त्या डावांच्या हारी धराव्या लागतील."

"किती?"

"तेवीस. त्यांतले अकरा देशमुखांकडून."

हिंमतराव गादीवर ताठ बसले. मूळव्याध झाल्यापासून त्यांना असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. "अकरा? वकीलसाहेब, मंग तुम्ही बरे व्हाच. गावाची इज्जत हाये."

"आणि पिंजाऱ्याकडून दोन," मी म्हणालो. "त्यातला एक प्याद्याने."

"हळू बोला," वामनराव पुटपुटले.

"ऐकलं आम्ही," शालिग्राम डावा कान पुढे करून म्हणाले.

वामनरावांनी वही आपल्याकडे ओढली. एका बाजूला नागपूर आणि नवा कोट, दुसऱ्या बाजूला तेवीस हारी आणि शेजारी बसलेले हिंमतराव, जे शेगावपर्यंत सांगत फिरले असते. शेवटी त्यांनी कपाळ दोन बोटांनी धरलं.

"माझी अर्धशिशी खरी आहे," ते म्हणाले. "मी खोटं लिहीत नसतो."

मग देशमुख जाणार का? त्यांच्या चाळीस नोंदी. शालिग्रामांच्या अठ्ठावीस, बहुतेक एकाच कानाच्या. बारा महिन्यांत वहीत एकही दुखणं नसलेला खेळणारा सभासद एकच होता. त्याचं दुखणं आम्ही घेतलंच नव्हतं. वर त्याच्या नावावर डॉक्टरांच्या सहीचा कागदही डकवलेला होता. मी दप्तराप्रमाणे सही केली: फकीर मोहम्मद, निरोगी.

पहाटेच्या गाडीने तो गेला. त्याच्या बायकोने, गौसियाने, भाकरीसोबत धनुकलीही बांधून दिली होती, हाताला सोबत म्हणून. सहाव्या दिवशी तो परत आला तेव्हा मंडळ भरलेलं होतं.

"काय झालं बे?" हिंमतरावांनी विचारलं.

"त्याहीनं कागद वाचला. मंग माह्या हाताकडं पाह्यलं. मंग पुन्हा कागद पाह्यला. एक जन मले म्हने, हा नांदुऱ्याचा निरोगी मानूस असन, तं बाकीचे जित्ते हायेत का?"

तो पुढे म्हणाला, "चाल तोंडानं सांगा म्हने, आम्ही मोहरं हलवतो. मी इचारलं बी नव्हतं. दोघाहिले हरवलं मी. दोघंबी उठून म्हनले, हरलो. तिसरा आंधळा होता. पटभर हात फिरवून खेळे, सारे मोहरे चाचपे, त्याले कोनी हात लागला म्हून टोकलं नाई. त्यानं मले हरवलं."

वामनराव एकदम पुढे सरकले. बाहेरगावी झालेली हार मंडळाच्या नावावर येणार होती. "फकीरभाई, तुमच्या हाताची नोंद आपण घेऊ. दाखल्याचं राहू द्या. मागची तारीख टाकतो. हार धरायची नाही."

"हाताचा काय संबंध? हात तं त्यायचाच होता, मी नुसता बोललो. तो चांगला खेळला, मी हरलो. लिहा चिटणीससाहेब."

मी लिहिलं. हारीच्या रकान्यात तिसरी ओळ लागली, तिसऱ्यांदा तेच नाव. लिहून होईपर्यंत तो वहीवर वाकून बघत होता, अक्षर ओळखीचं नसतानाही.

पुढच्या रविवारी वामनराव त्याच्यासमोर खेळायला बसले. तोंडाने चाल सांगायची मुभा मंडळाने आता दिली होती. नागपूरची पद्धत म्हटल्यावर हरकत कोण घेणार? पट मांडण्याआधी वामनरावांनी वही मागवली. विचार करून सावकाश लिहिलं, सही केली आणि शाई वाळायला वही उघडीच ठेवली. नोंद अजून आहे: 'उजव्या हातास कंप. आतून आहे, बाहेर दिसत नाही.'