अदलाबदलीच्या दिवशीची मिठी

येफ्रीचं नशीब इतकं जोरदार होतं की गॅरेटला त्याच्या केळ्यांचासुद्धा हेवा वाटायचा. दोघं एकाच भाड्याच्या घरात राहायचे, एकाच दुकानातून सामान आणायचे. पण गॅरेटने आणलेली केळी घरी येईपर्यंत डागाळायची, आणि येफ्रीची हिरवीगार केळी उकडून, कुस्करून, वर तळलेलं चीज ठेवलं की काय लागायची म्हणून सांगू. "खा ना, लाजतोस काय," म्हणत येफ्री अर्धी बशी पुढे सरकवायचा. गॅरेट खायचा. चव अप्रतिम असायची, त्यामुळे आणखीच जळायचा.

खरी आग मात्र मैदानावरची होती. आयोवातल्या त्या लहान गावाचा बेसबॉल संघ म्हणजे मोठ्या संघाचं प्रतीक्षालय. वरून बोलावणं येईपर्यंत बसायचं. गॅरेट अठ्ठावीस वर्षांचा झाला होता आणि बसून बसून अवघडला होता. वर त्याच्या जागेवर ज्याला आणून बसवलं होतं तो बराच काळ हलणार नव्हता. आता एकच दार उरलं होतं, दुसऱ्या एखाद्या संघाने खेळाडूंच्या अदलाबदलीत त्याला मागून घ्यायचं. त्या दाराला जुलैच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला कुलूप लागणार होतं. आणि तो दिवस आजचाच होता.

सगळ्यांच्या फोनवर अफवा फिरत होती की कुठल्यातरी मोठ्या संघाला इथला एक फलंदाज हवाय. गॅरेट किंवा येफ्री, दोघांपैकी एक.

"सरळ आहे की," मोजे चढवताना गॅरेट कॅचर ऑगीला समजावत होता. "माझा चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटतो ते यंत्र दाखवतं. फक्त सुटतो तो नेमका कुणाच्यातरी हातमोज्यात. येफ्रीचा रडत रडत जातो आणि तीन माणसांच्या मधोमध पडतो. हे कौशल्य आहे का? नशीब आहे. नशीब संपतं."

"एप्रिलपासून हेच सांगतोयस," ऑगी म्हणाला. "संपलं की मला उठव."

दुपारी बाराला सामना सुरू झाला. पहिल्याच वेळी गॅरेटने असा काही फटका हाणला की बॅटीचा आवाज पार्किंगपर्यंत गेला असेल. चेंडू थेट तिसऱ्या बेसवरच्या माणसाच्या पोटात. त्याला बिचाऱ्याला हलावंही लागलं नाही. पाठोपाठ येफ्री आला, त्याची बॅट मोडली, चेंडू म्हाताऱ्या बेडकासारखा दोन उड्या मारून थांबला, आणि कुणी तो उचलेपर्यंत येफ्री पहिल्या बेसवर उभा राहून हसत होता. डगआउटमध्ये, खेळाडूंच्या खोलगट बैठकीत, बसून बघणाऱ्या गॅरेटच्या तोंडातल्या सूर्यफुलाच्या बिया कडू झाल्या.

पाचव्या डावात गॅरेटची बॅट चुकीची लागली. चेंडू सरपटत दुसऱ्या बेसकडे निघाला. आता आपण बादच, असं म्हणून गॅरेट रागारागाने चार पावलं चालला आणि मान खाली घालून परत फिरला.

तो डगआउटच्या पायऱ्या उतरतोय तोच संघाचे मुख्य प्रशिक्षक, ज्यांना सगळे स्किप म्हणत, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हातमोजा ठेव. आजचं तुझं झालं."

आता जुलैच्या शेवटी, सामना चालू असताना धडधाकट माणसाला बाहेर बसवलं की सगळे एकच अर्थ काढतात. सौदा ठरला. खेळताना पाय मुरगळला तर माल खराब व्हायचा, म्हणून आधीच बाजूला काढून ठेवतात. मग सगळ्यांनी उठून मिठ्या मारायच्या असतात.

ऑगी सगळ्यात आधी उठला. "शेवटी सुटलास रे लेका." मग रांगच लागली. कुणी पाठ थोपटली, कुणी टोपी ओढली. प्रेक्षकांनी फोन वर धरले. येफ्री तर चक्क रडला. "घरी आता भांडी कोण घासणार," म्हणाला.

गॅरेटच्या छातीत दिवाळीच उजाडली. इतकं मोठं मन झालं त्याचं की येफ्रीचे गाल धरून तो म्हणाला, "तुझ्यातही काहीतरी आहे हं. नशीब सोडूनसुद्धा." मग तो स्किपकडे वळला. "कुठे जायचंय, स्किप?"

"कुठे म्हणजे?"

"कुठल्या संघात?"

स्किपनी सगळ्या मिठ्या आत्ताच पाहिल्यासारखं डगआउटभर बघितलं. "बाकावर," ते म्हणाले. "दुसऱ्या बेसवरच्या त्या पोराच्या हातून चेंडू दोनदा निसटला. तू धावला असतास तर आरामात पोचला असतास. टपालपेटीत पत्र टाकायला निघाल्यासारखा चालत होतास. माझ्या संघात धावायचं नसेल तर बसायचं."

कुणी हसलं नाही, हेच जास्त लागलं. गॅरेट बाकाच्या टोकाला जाऊन बसला. एकदा बाहेर काढलेल्याला परत मैदानात जाता येत नाही, त्यामुळे नुसतं बघत राहायचं होतं. आणि बघायला होता कोण, तर येफ्री. त्याने पुन्हा एक रडका चेंडू मारला. या वेळी गॅरेटने चेंडूकडे बघितलंच नाही, त्याचे पाय बघितले. बॅट हातातून सुटायच्या आधीच ते निघाले होते. चेंडू अडवणाऱ्याने ते बघितले, घाबरून घाईत फेकला आणि वाकडा फेकला. एप्रिलपासून हेच चाललं होतं. गॅरेटला यंत्राचा राग आला, कारण यंत्राने हे कधी दाखवलंच नव्हतं.

आठव्या डावाआधी एक माणूस आतून आला आणि स्किपच्या कानाशी लागला. हातमोजा चढवून निघालेल्या येफ्रीला स्किपनी थांबवलं आणि त्याच्या जागी दुसऱ्याला पाठवलं.

सगळे आपापल्या बुटांच्या नाड्या बघत होते. एकदा तोंड पोळलं होतं ना. येफ्री मधोमध उभा, हातमोजा घालायचा की काढायचा ते त्याला कळेना.

गॅरेटला कळलं होतं. स्किपच्या चेहऱ्यावर या वेळी राग नव्हता. गॅरेटला बसून राहता आलं असतं, कुणी बोललं नसतं. बसावंसंच वाटत होतं. पाच वाजायला अजून वेळ होता, पण त्याच्यापुरते वाजले होते.

तो उठला आणि त्याने येफ्रीला मिठी मारली.

"नक्की ना?" येफ्री पुटपुटला. "का तुझ्यासारखंच काहीतरी केलं मी?"

"नाही," गॅरेट म्हणाला. "मी धावलो नव्हतो. तू दर वेळी धावतोस."

मग बाकीचे उठले, आणि गर्दीत गॅरेट मागे ढकलला गेला. हेवा तसाच होता, तसूभरही कमी झाला नव्हता. फक्त येफ्रीच्या यशाला आता नशीब म्हणता येत नव्हतं.