डबलसीट परीक्षक

आता आमच्या विद्यापीठात सगळं विजेवर चालतं. बस आवाज न करता पाठीमागून येते, माझ्यासारख्या म्हातारीला दचकवते आणि पुढे निघून जाते. चालू द्या. पण बिनधुराच्या वाहनांचा प्रचार आमच्याकडे पहिल्यांदा झाला तो २००७च्या नोव्हेंबरात, आणि त्या दुपारचं मिनिट न् मिनिट मला अजून आठवतं. आठवणारच. मिनिटं मोजणं हेच माझं काम होतं.

मी विद्यापीठाची चोपदार होते. बावीस वर्षं. काळा झगा, पसरट टोपी आणि चांदीच्या मुठीची, घुंगरं लावलेली काठी. कुणाची डॉक्टरेटची जाहीर परीक्षा असली की परीक्षकांची रांग माझ्यामागून आत शिरायची. मी पुढे नसले तर कुलगुरूंनासुद्धा उंबरा ओलांडता येत नसे. मग पंचेचाळीस मिनिटं प्रश्नोत्तरं. पंचेचाळिसावं मिनिट भरलं की मी काठी आपटून ‘होरा एस्त’ म्हणायचे, म्हणजे वेळ झाली. उमेदवाराने तोंडातलं वाक्य तिथेच टाकायचं, शेवटापर्यंत न्यायचं नाही. पुष्कळ हुशार माणसांची अर्धी वाक्यं माझ्या नावावर जमा आहेत.

त्या वर्षी रूलोफ नावाचा एक तरुण नोकरीला लागला. धूर न सोडणाऱ्या वाहनांचा प्रसार करणं हे त्याचं काम. आता आमच्यासारख्या गावात सायकलचा प्रसार करायचा म्हणजे माशांना पोहण्याची शिकवणी लावायची. सगळे आधीच सायकलवर. उरले होते भाजीचा टेम्पो, कुलगुरूंची गाडी आणि पाहुण्यांच्या टॅक्स्या. रूलोफने तिन्हींवर नेम धरला. विद्यापीठ गावाबाहेर, कुरणांच्या पलीकडे. तिकडे जाणाऱ्या एकुलत्या एक रस्त्यावर, कालव्याच्या पुलापाशी, त्याने लोखंडी फाटक बसवलं. बाजूला सायकल जाईल एवढी फट. तिथून सभागृह चार किलोमीटर. बिनधुराचा आठवडा सुरू झाला त्या सोमवारी वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला, तेव्हा रूलोफने फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली कालव्यात भिरकावली. फोटो फार सुंदर आला.

“दुसरी किल्ली आहे ना रे?” मी विचारलं.

“आहे ना, बाई,” तो हसत म्हणाला. मग त्याचं हसू हळूहळू मावळलं. “त्याच कडीत होती.”

फाटकाशी पाहुण्यांसाठी चाळीस हिरव्या सायकली उभ्या केल्या होत्या. पाहुण्यांना आधीच एक फॉर्म पाठवला होता. दांडीची हवी की लेडीज, गिअरची हवी की साधी, सीट किती उंच, पावसाळी कोट कुठल्या मापाचा, हँडलला टोपली लागते का. सहा जणांच्या समितीने तो फॉर्म तीनदा तपासला. मीही वाचला. आणि जे एक विचारायला हवं होतं ते आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

गुरुवारी दुपारी तीन वाजता यित्स्केची परीक्षा होती. दूधवाल्या डाउवेची ही मुलगी. रुंद खांद्यांची, लहानपणापासून वासरं उचलून गोठ्यात नेणारी. समुद्रकाठच्या चिखलावर तिने सहा वर्षं काम केलं होतं. तिचं म्हणणं असं, की आमच्या वाऱ्याला एवढा जोर आहे की तो भरतीबरोबर अख्खा चिखल सरकवतो. नॉर्वेच्या पार उत्तरेला तिला नोकरी मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं, पण डॉक्टर होऊनच. परीक्षा हुकली तर पुढची तारीख मार्चमधली, आणि जागा दुसऱ्याला. तिचं सामान तर पुढे जाऊन पोचलंही होतं. अंगावरचा काळा ड्रेस तेवढा इथे होता.

बाहेरचे परीक्षक होते व्हेनिसचे प्राध्यापक झोर्झी. चिखलातला सगळ्यात मोठा माणूस, असं सगळे त्यांच्याबद्दल आदराने म्हणत. त्यांनी चार पानी पत्र आधीच धाडलं होतं: चौथ्या प्रकरणातले वाऱ्याचे आकडे फुगवलेले आहेत, असा वारा कुठे वाहत नसतो, मी प्रत्यक्ष भेटीत याचा समाचार घेईन. आमचा नियम असा, की बाहेरचा परीक्षक सदेह हजर पाहिजे आणि सव्वातीनच्या आत सुरुवात झाली पाहिजे.

मी त्यांना घ्यायला पुलावर गेले. काठी सायकलच्या दांडीला बांधली होती. जाताना वारा पाठीशी होता, त्यामुळे पायडल मारावंच लागलं नाही. त्यांच्या आगगाडीला उशीर झालेला. टॅक्सी आली तेव्हा तीनला सात मिनिटं कमी होती. आतून झोर्झी उतरले. आधी पोट, मग झगा, मग चकचकीत बूट.

रूलोफ सायकल घेऊन पुढे झाला. “या सर. सीट तुमच्या उंचीला लावून ठेवलीय.”

“वा. कुणाची सायकल?”

“तुमची.”

“मला येत नाही.”

“गिअरची नाहीये सर, साधी आहे.”

“साधीही येत नाही.”

“सीट जरा खाली घेऊ का?”

“अरे बाबा,” झोर्झी म्हणाले, “मी व्हेनिसचा. आमच्याकडे पाणी आणि पायऱ्या. सायकल काय डोक्यावर घेऊन फिरू?”

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्यांना शिंकता येत नाही असं सांगितलं असतं तर आम्ही कमी गोंधळलो असतो.

“मग फॉर्ममध्ये का नाही लिहिलंत?” रूलोफ रडकुंडीला आला.

“तुम्ही विचारलंत कुठे? मला टोपली हवी का, एवढंच विचारलंत. मी हो लिहिलं.”

टोपली खरोखरच लावलेली होती.

“म्हणजे तुमच्या गावात... मोटारी?”

“एकही नाही.”

“एकही नाही!” रूलोफने हात जोडायचंच काय ते बाकी ठेवलं. मी म्हटलं, “रूलोफ, पूजा नंतर कर. आधी फाटक उघड.” तो कालव्याकडे बघायला लागला. झोर्झीही बघायला लागले. पाणी काळंभोर होतं आणि त्यात दोन बदकं होती.

मी सभागृहात फोन लावला. कुलगुरू मेनो स्वतःच फोनवर आले.

“त्यांना चालत आणा, हिल्त्येबाई.”

“समोरून वारा आहे, साहेब. चार वाजतील.”

“मग तुमच्यामागे डबलसीट?”

“माझा गुडघा विसरलात? आणि हे एकशेदहा किलोचे आहेत.”

“एकशेचार,” झोर्झी मागून म्हणाले.

फोनवर खडखड झाली आणि यित्स्केचा आवाज आला, “मी आणते त्यांना. निघालेच.”

“अगं पोरी, तू उमेदवार ना? तू तिथे घाम पुसत बसायचंस.”

“बाई, घाम तिकडे येऊन गाळते,” म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पण आली ती एकटी नाही. मेनोंनी हिशेब केला असणार की चोपदार पुलावर, काठी पुलावर, बाहेरचा परीक्षक पुलावर, आता उमेदवारही पुलावर. मग आपण सभागृहाच्या दारात उभं राहून काय करायचं? तीन वाजून दहा मिनिटांनी कुरणांवरून काळे झगे फुगवत सहा प्राध्यापक आले. वारा पाठीत, पाय वर, ब्रेक दाबून दाबून कासावीस. त्यांच्यामागे डाउवे, त्याची बायको आणि दोन मावश्या. तेही निमंत्रित होते, आणि सभागृहात कुणी उरलं नव्हतं.

“आता परत जाईपर्यंत चार,” मेनो धापा टाकत म्हणाले. “यित्स्के, मला फार वाईट वाटतं.”

यित्स्केचा चेहरा बघून मी पहिल्यांदा आणि शेवटचं नियमाशी खेळले. १९७३ साली तेल आटलं तेव्हा रविवारी मोटारींना बंदी होती. आम्ही हमरस्त्यावर सतरंजी टाकून कॉफी प्यायलो होतो आणि आभाळ कोसळलं नव्हतं. तेव्हापासून मला ठाऊक आहे की रस्त्यावर पुष्कळ काही चालतं.

“साहेब,” मी म्हटलं, “नियमात लिहिलंय, परीक्षक चोपदारामागून प्रवेश करतील. कशात प्रवेश करतील ते लिहिलेलं नाही.”

मेनोंनी घड्याळ पाहिलं. तीन वाजून चौदा. “मग करा की प्रवेश!”

मी काठी सोडवली, डांबरावर तीनदा आपटली आणि सायकलवरूनच फटीतून आत शिरले. माझ्यामागे यित्स्के. तिच्या कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून झोर्झी, दोन्ही हातांनी सीटच्या स्प्रिंगा धरून. त्यांच्यामागे सहा झगे, मग मावश्या. सगळ्यात शेवटी रूलोफ रिकामी हिरवी सायकल हाताने ढकलत. परीक्षा सुरू.

पहिली पाच मिनिटं झोर्झी नुसते ओरडत होते. मी त्यांच्या बाजूला सायकल आणून त्यांना ज्येष्ठमधाची खारट काळी गोळी दिली. ती इतकी वाईट लागली की ते घाबरायचं विसरले आणि त्यांना आपलं काम आठवलं.

“बाईसाहेब, तुमचे वाऱ्याचे आकडे!” ते यित्स्केच्या पाठीला म्हणाले. “पान एकशेबारा! असा वारा मी जन्मात पाहिला नाही!”

“आत्ता... तसाच... सुटलाय!” यित्स्के हँडलवर वाकून म्हणाली. तिच्या पायडलची साखळी किरकिरत होती. एक म्हातारा कुत्र्याला घेऊन चालत होता, तो आम्हाला मागे टाकून पुढे गेला.

“कुठे सुटलाय? मला तर झुळूकही लागत नाही!”

“मी पुढे आहे ना! माझ्या आडोशाला... बसलायत!”

“हा पुरावा नव्हे! मागच्या बाकावरच्याला जे जाणवत नाही ते शास्त्रात नाही!”

“मग डोकं काढा बाहेर!”

“काय?”

“डोकं! उजवीकडून! काढा बाहेर!”

मागून मेनो ओरडले, “अध्यक्षांची परवानगी आहे!”

झोर्झींनी तिच्या खांद्याच्या बाजूने डोकं बाहेर काढलं. त्यांची मखमली टोपी आधी उडाली. मग चष्मा कपाळावर गेला, गाल कानाकडे गेले आणि तोंडातली गोळी बाहेर पडून एका मावशीला लागली. टोपी कालव्यावरून गिरक्या घेत गावाकडे परत निघाली. रूलोफने ती पकडायला हिरवी सायकल सोडून दिली.

झोर्झींनी डोकं आत घेतलं आणि एका हाताने चष्मा नाकावर ओढला. मग हळूच म्हणाले, “उन्हाळ्यातही असाच?”

“उन्हाळ्यात... तिरका असतो!”

मग मात्र त्यांनी तिला सोडलं नाही. भरतीचं काय, ओहोटीचं काय, शेवाळाने चिखल घट्ट होतो त्याचं काय. ती एका पायडलला एक शब्द अशी उत्तरं देत होती. डाउवे बाजूने सायकल चालवत प्रत्येक उत्तराला मान डोलावत होता. त्यातलं त्याला काही कळत नव्हतं, पण चढावर वासरू नेणाऱ्या माणसाला जसं प्रोत्साहन देतात तसं तो देत होता. माझी नजर घड्याळावर. सभागृहाची सायकलशेड दिसायला लागली. तीन अठ्ठावन्न. एकच मिनिट बाकी. यित्स्केचा चेहरा बीटासारखा झाला होता, पण आवाजात आता जोर होता.

“आणि म्हणूनच सर, चिखल हा जो आहे तो मुळात—”

“होरा एस्त!” मी काठी आपटली. चालत्या सायकलवरून आपटली, त्यामुळे मी जवळजवळ पडलेच.

नियम म्हणजे नियम. यित्स्के जागच्या जागी थांबली. शब्दानेही आणि सायकलनेही. मागच्या सहा प्राध्यापकांना एवढ्या शिस्तीची कल्पना नव्हती. मेनो तिच्या मागच्या चाकावर, मेनोंवर बाकीचे पाच, आणि त्यांच्यावर रूलोफ, हातात टोपी घेऊन. झोर्झी कॅरिअरवरून सरकले आणि शेडच्या कडेच्या ओल्या चरात बसले. तिथून उठायची त्यांनी घाई केली नाही. त्यांनी मूठभर चिखल उचलला, बोटांत चोळला आणि नाकाशी नेला.

“चांगला आहे,” ते म्हणाले.

परीक्षकांनी बंद दाराआड विचार करायचा असतो. शेडला दार नव्हतं, म्हणून आम्ही बाकीच्यांनी पाठ फिरवली. मागून झोर्झींचा आवाज आला, “आकडे चुकलेच आहेत. कमी लिहिलेत.” मग मेनोंनी आम्हाला वळायला सांगितलं. पदवी दिली होती. मेनोंच्या पाठीचं टेबल करून प्रमाणपत्रावर सह्या झाल्या. झोर्झींची सही मेनोंच्या धापेबरोबर वर चढली आणि कोपऱ्यातून बाहेर गेली.

आता एकच राहिलं होतं. कुलगुरू विचारतात, ज्ञानाशी प्रामाणिक राहशील का, आणि उमेदवाराने ऐकू जाईल असं ‘वचन देते’ म्हणायचं. ते म्हटलं नाही तर डॉक्टर नाही. मेनोंनी विचारलं. यित्स्केने तोंड उघडलं. आवाज नाही. ती गुडघ्यांवर हात टेकून भात्यासारखी वरखाली होत होती. आम्ही थांबलो. मावश्या थांबल्या. झोर्झी चरात बसून थांबले. तिने बोट वर केलं: एक मिनिट.

“बोल की गं पोरी,” डाउवे शेवटी न राहवून म्हणाला, “गाई दुधाला आल्यात.”

“वचन,” ती म्हणाली. पुन्हा श्वास घेतला. “देते. बाबा, तुम्ही व्हा पुढे.”