बेटावरची अंडी

उन्हाळ्यात पवना धरणाचं पाणी उतरलं आणि उघड्या पडलेल्या बेटावर नदीसुरय पक्ष्यांनी अंडी घातली. लोणावळ्याच्या वल्लरीने नाव लांबच थांबवून, जराही आवाज न करता फोटो काढले. घरी येऊन ते पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकले आणि हौसेने जागाही कळवली.

पुढच्या रविवारी ती धक्क्यावर आली, तर बेटावर माणसंच माणसं. पक्षी वर घिरट्या घालत ओरडत होते.

"सकाळधरनं लोकं येत्यात, ताई," नाववाले अंबाजीभाऊ म्हणाले. "समदी तुमचाच फोटो दावत्यात."

वल्लरीने नावेतूनच हात जोडून सगळ्यांना परत फिरवलं. पण उन्हात अंडी तापत राहिली, संध्याकाळपर्यंत एकही पक्षी खाली उतरला नाही. परतताना तिला अंबाजीभाऊंकडे बघवेना.