बेकरीच्या कोपऱ्यावरचा बेडूक

एकेचाळीस कार्निव्हल झाले, एव्हिस चेडझॉय हलली नव्हती. आता वर्षाचे उरलेले दिवस बाई एका जागी बसेल तर शपथ. कोंबड्या, बाग, चर्चमधली फुलं, शिवाय दुसऱ्यांच्या घरातली भांडणं, सगळीकडे हिची हजेरी. पण नोव्हेंबरातली ती एक संध्याकाळ आली, स्टोकमूरचे रस्ते बंद झाले, तिच्या बगळा मंडळाचा चित्ररथ ट्रॅक्टरला जोडला गेला, की ही वर चढायची आणि दगड व्हायची. दीड तास. पापणीसुद्धा मोजून मिटायची.

सजीव देखाव्याचा नियमच तसा आहे. नाचणारे रथ वेगळे, त्यांचं काय, उड्या मारा नि मोकळे व्हा. सजीव देखाव्यात उभं राहायचं म्हणजे उभं राहायचं. परीक्षक गर्दीत कुठे उभे असतात कुणाला कळत नाही. एखादं बोट हललं, की गुण कापले म्हणून समजा. इंग्लंडातल्या सॉमरसेटच्या या पाणथळ मुलखात माणसं एरवी गरीब गाईसारखी, पण कार्निव्हलच्या कपाचं नाव काढा, सख्खे भाऊ वर्षभर बोलायचे नाहीत.

एव्हिसची गोष्ट तर अजून सांगतात. एका वर्षी कुणाच्या तरी फटाक्याची जळती काडी उडून हिच्या पिसांच्या टोपीत पडली. टोपी धुमसायला लागली. ही ढिम्म! लोकांना वाटलं, धूर देखाव्यातलाच आहे. टाळ्या पडल्या, कपही मिळाला. नंतर पाहिलं तर अर्धे केस गेलेले.

पण ती दगड होऊन काय बघायची, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

रस्ता चर्चवरून वळतो तिथे बेकरी आहे. त्या कोपऱ्यावर, पावसाच्या पाण्याच्या पाइपाला टेकून, तिचा नवरा रूबेन उभा असायचा. अंगात गुडघ्यापर्यंतचा मेणकापडी कोट, कानावर ओढलेली टोपी, हातात गरम चिप्सचं पुडकं. रथ समोर आला की तो गाल फुगवायचा, डोळे बटाट्याएवढे करायचा, मान खांद्यात घालायचा. हुबेहूब बेडूक! चांगला सहा फुटांचा, चर्चमध्ये बायबल वाचून दाखवणारा माणूस. का, तर बायको हसावी म्हणून.

ती कधी हसली नाही. घरी आल्यावर सूप गरम करता करता तो म्हणायचा, "आज हललीस."

"काही हललं नव्हतं!"

"ओठाचा डावा कोपरा. मी बघितलं ना."

"तुझे डोळे तपासून घे."

झोपेपर्यंत हेच चालायचं. अडतीस वर्षं.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात रूबेन गेला. पाच आठवड्यांनी कार्निव्हल होता, आणि एव्हिस रथावर चढली. लोक काय, बोलायला बसलेलेच. "बाईच्या छातीत काळीज आहे का धोंडा?" म्हणाले. म्हणोत. ती गेली ती त्या कोपऱ्यासाठी. रथ चर्चवरून वळला, हजारो दिव्यांच्या झगमगाटात, खाऊच्या गाड्यांवरच्या कांद्याच्या वाफेत नि धुक्यात गर्दी नुसती विरघळून गेली होती, आणि पाइपापाशी रूबेन उभा होता. तोच कोट, तीच टोपी. त्याने गाल फुगवले.

भास म्हणा, काही म्हणा. पुढच्या वर्षी दिसला. त्याच्या पुढच्या वर्षीही दिसला. घरात नाही, थडग्यापाशी नाही, स्वप्नात तर कधीच नाही. वर्षातून एकदा, ती पुरती थांबली की, तेवढ्या चार पावलांपुरता. त्यावर ती वर्ष काढायची.

आणि यंदा वसंतात तिचा उजवा हात हलायला लागला.

आधी कप बशीवर वाजला. मग मांडीवर ठेवलेला हात आपला आपणच गोळ्या वळल्यासारखा करायला लागला. ऑगस्टमध्ये डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, कंपवात. "मनावर ताण आला की वाढतो हो," त्या म्हणाल्या. एव्हिसने मान डोलावली, घरी आली, कोंबड्यांना दाणे टाकले आणि कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. रोज आरशासमोर उभी राहून बघायची. दहा मिनिटं हात ऐकायचा, मग त्याचं सुरू. ती त्याला शिव्या द्यायची, समजवायची, एकदा तर चापट मारली. वर नाही चढलं तर रूबेन कुणाला दिसणार? एवढीच एक भीती तिला घास गिळू देत नव्हती.

कार्निव्हलच्या दिवशी दुपारी मंडळाच्या शेडमध्ये शिवणकाम सांभाळणारी प्रू हेम्ब्रो तिला पोशाख चढवत होती. यंदाचा देखावा होता दवाच्या राणीचा दरबार. राणी अर्थातच एव्हिस. झग्यावर बारीक बारीक आरशाचे तुकडे, प्रूने जानेवारीपासून एकेक करून शिवलेले. बाही चढवताना प्रूचा हात थांबला.

"एव्हिस, हे काय गं?"

"थंडी आहे."

"शेगडीशेजारी उभी आहेस तू."

एव्हिसने बाही खाली ओढली.

"कधीपासून?" प्रूने हळूच विचारलं.

"प्रू, तुला हात जोडते. फक्त यंदा."

प्रूने तिच्याकडे पाहिलं, मग सुई उचलली, मासे धरायच्या गळाची बारीक दोरी ओवली आणि बाहीची कड झग्याच्या कमरेला चार टाक्यांत पक्की शिवून टाकली. "आता हलून दाखवू दे त्याला," ती नाक ओढत म्हणाली.

तेवढ्यात थेल्मा पडी आत आली. थेल्मा गावची पोस्टवाली, वय चोपन्न, आणि मंडळाची राखीव राणी. अकरा वर्षं राखीव! दर कार्निव्हलला आतले लोकरी कपडे चढवून, तोंडाला चंदेरी रंग फासून तयार राहायची, आणि दर कार्निव्हलला तशीच घरी जायची.

"काय महाराणी, यंदाही तब्येत ठणठणीत?"

"तुझ्या डोळ्यांत खुपते का?"

"अगं एखादा ताप, एखादी उचकी! माणसाने इतकं निरोगी असू नये बाई."

"मागच्या वर्षी तू सूप पाठवलं होतंस, तरी वाचले ना. मग आता काय होतंय मला?"

शेडभर हशा पिकला. एव्हिसही हसली, पण झग्याच्या आत हात फडफडत होता.

अंधार पडल्यावर गावाबाहेरच्या रस्त्यावर रथांची रांग लागली. थंडीने दात वाजत होते, म्हणून पोशाखांवर जो तो जुनेपाने कोट घालून बसलेला. एव्हिसने रूबेनचा मेणकापडी कोट खांद्यावर टाकला होता, आणि त्याची टोपीही. त्यांना अजून तंबाखूचा वास होता. मग मंडळाचा कॅप्टन क्लिफर्ड हेम्ब्रो, प्रूचा दीर, ओरडला, "कोट काढा, चढा! दिवे लावतोय!"

सव्वीस माणसं आपापल्या जागी उभी राहिली. सगळ्यांत उंच एव्हिस. जनरेटर घुमला आणि वीस हजार दिवे एकदम उजळले.

रस्त्याच्या पलीकडे गोठ्याची लांब पांढरी भिंत होती. सगळ्यांच्या झग्यांवरच्या आरशांचे कवडसे त्या भिंतीवर उमटले, चांदण्यांचं शेतच जणू. एव्हिसने श्वास पोटात नेला. कान बंद झाले, पाय नाहीसे झाले, तिचं ते ओळखीचं थांबणं सुरू झालं. भिंतीवरच्या चांदण्या ती बघत राहिली. किती सुंदर! आणि मध्यभागी, अगदी मध्यभागी, थोड्या चांदण्या नाचत होत्या. पाण्यावर पाऊस पडावा तशा. तिला वाटलं, बर्फ पडतोय की काय. ती कितीतरी वेळ त्यांच्याकडे कौतुकानेच बघत होती.

"अरे, कुठला तरी बल्ब सैल झालाय!" खालून क्लिफर्ड ओरडला. "मधोमध लुकलुकतोय बघा! डग्लस, वायर तपास. अरे लवकर, दहा मिनिटांत निघायचंय!"

मंडळाचा वायरमन डग्लस शिडी घेऊन धावला. दोघेजण रथाखाली घुसले. कुणी बल्ब पिळून बघतंय, कुणी वायरींना शिव्या घालतंय. प्रू खाली उभी होती, तिने तोंडावर हात ठेवला. आणि एव्हिसला कळलं.

चांदण्या तिच्या होत्या. हात शिवून ठेवला, पण हात काय ऐकतोय. त्याने सगळा झगाच हलवायला घेतला होता, आणि एकेक आरसा भिंतीवर चहाडी करत होता.

तिने त्यांना आणखी थोडा वेळ शोधू दिलं. आता खोटं कशाला बोला, शोधू दिलं. मग म्हणाली, "क्लिफर्ड, बल्ब नाहीये. मी आहे."

सगळे थांबले. शेवटी क्लिफर्डने टोपी काढून डोकं खाजवलं. "मग? उभी राहा तशीच. कप काय, पत्र्याचाच असतो."

"राहा गं, एव्हिस," दोन-चार आवाज आले. खरंच मनापासून आले, म्हणून तर तिला रडू फुटलं. या माणसांनी जानेवारीपासून रोजची संध्याकाळ त्या शेडमध्ये घातली होती. आणि कप पत्र्याचा म्हणणारा क्लिफर्ड तीन वर्षांपूर्वी एका गुणाने कप हुकल्यावर शेतात जाऊन रडला होता, हे तिला माहीत होतं.

खाली थेल्मा उभी होती. लोकरी विजार, चंदेरी तोंड. तिने आयुष्यात पहिल्यांदाच टोमणा मारला नाही.

"बघतेस काय पोस्टवाले?" एव्हिस म्हणाली. "चढ. प्रू, टाके कापून टाक."

झगा उतरवून थेल्माला चढवला. एव्हिसने तिच्या झग्याचा घोळ नीट केला. "गुडघे ताठ धरू नकोस, चक्कर येईल. श्वास पोटातून. आणि…" बेकरीच्या कोपऱ्यावर डावीकडे बघ, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं. ते द्यायचं नव्हतं तिला. "आणि शिंकू नकोस."

"तू कुठे जातेस?"

"गावच्या हॉलमध्ये चहा पीत बसते."

पण पाय हॉलकडे वळलेच नाहीत. तोंडावरचा चंदेरी रंग पुसून, कोट घट्ट ओढून, टोपी कानांवर घेऊन ती ओढ्याकाठच्या मागच्या वाटेने निघाली. दोन्ही बाजूंना विलोची झाडं, धुकं गुडघ्यापर्यंत, आणि घरांच्या पलीकडे सगळं आभाळ नारिंगी झालेलं. संगीत कधी जवळ यायचं, कधी लांब जायचं. मुलखातल्या सगळ्यांत जुन्या कार्निव्हलवालीने कार्निव्हल कधी पाहिलाच नव्हता! रथावरच्याला रथ थोडेच दिसतात? चालताना तिला हसू आलं, आणि त्या हसण्यातच हुंदका आला.

बेकरीच्या कोपऱ्यावर माणसाला माणूस चिकटलेला. पण पाइपापाशी एका माणसाची जागा रिकामी होती. रूबेन नव्हता. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुठेच नव्हता. फक्त ओला पाइप, आणि खाली कुणीतरी टाकलेला चिप्सचा कागद.

"मेल्या," ती पुटपुटली, "आज मी आले तर तू नाहीस."

मग ती त्या रिकाम्या जागेत जाऊन उभी राहिली. पाइपाला पाठ टेकली.

रथ यायला लागले. ड्रॅगन गेले, जहाजं गेली, नाचणारी फळं गेली. उजेडाच्या इमारतीच्या इमारती तरंगत जात होत्या, त्यांची ऊब गालांना लागत होती. आणि मग चर्चवरून बगळा मंडळाचा रथ वळला.

हे असं दिसतं होय! निळ्या-पांढऱ्या उजेडात सव्वीस माणसं, जशी काळानेच ठेवून दिलेली, आणि सगळ्यांच्या वर दवाची राणी. लोक बोलायचे थांबले. शेजारच्या बाप्याने तर तोंडातली चिप तशीच धरली. अडतीस वर्षं रूबेन हे बघत होता. मान वर करून, थंडीत, या पाइपाला टेकून तो तिच्याकडे असा बघत होता, आणि तिला कधी कळलंच नाही, कारण तिला दिसायचा तो नुसता बेडूक. अरे रूबेन, तू सांगायचंस तरी!

थेल्मा हलत नव्हती. मेली, फार सुंदर उभी होती. एव्हिसला तिचा हेवा वाटला, अभिमान वाटला, आणि मग अंगात काय संचारलं देव जाणे. तिने गाल फुगवले. डोळे बटाट्याएवढे केले. मान कोटाच्या कॉलरात घातली.

रथ पुढे गेला. सगळे हात हलवत होते, तेव्हा तिनेही उजवा हात खिशातून काढून वर केला. तो आपल्याच तालात हलत होता. त्या शेकडो हातांत कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मिरवणूक संपल्यावर शेडमध्ये चहाचे मग फिरत होते. कप मिळाला की नाही, ते कळायला अजून अवकाश होता. थेल्मा झगा सावरत आली आणि एव्हिसला ओढत कोपऱ्यात घेऊन गेली. चंदेरी रंगाखाली तिचा चेहरा उतरलेला होता. एव्हिसने कोट-टोपी दाराशी खुंटीला अडकवून ठेवली होती.

"एव्हिस, हसू नकोस हं. वेडी म्हणू नकोस."

"बोल तर."

"बेकरीच्या कोपऱ्यावर… त्या पाइपापाशी… मला रूबेन दिसला. देवाशपथ. तोच कोट, तीच टोपी. आणि अगं, त्याने बेडकासारखं तोंड केलं!"

एव्हिसच्या हातातला चहाचा मग टेबलाच्या कडेवर वाजायला लागला. तिने तो वाजू दिला. सांगावं का? खुंटी दोन हातांवर होती. पण थेल्माचे डोळे भरून आले होते, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्या कुणीतरी त्याला पाहिलं होतं.

"तो दरवर्षीच येतो," ती म्हणाली. "मग? हसलीस?"

"छे! काही हललं नाही माझं."

"हललं," एव्हिस म्हणाली. "ओठाचा डावा कोपरा."