चढावरचा बिघाड

मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये फक्त ऑटोमॅटिक गाड्या यायच्या. क्लच नसलेली, आपला गिअर आपणच बदलणारी गाडी रुसली की तिची समजूत काढणारा माणूस म्हणून त्याचं नाव होतं. गॅरेज खाली, राहायची खोली वर. बायको गेल्यापासून त्या खोलीत तो फक्त झोपायला चढायचा. लेक लग्न होऊन लांब गेलेली. तिचा फोन यायचा, पण ‘जेवलात का बाबा?’ आणि ‘हो, जेवलो’ याच्यापुढे गाडी सरकायची नाही. दिवसभर त्याची बडबड चालायची ती गाड्यांशी. गाडी उलट बोलत नाही, हा तिचा मोठा गुण, असं तो म्हणायचा.

काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच म्हणाल्या, “अहो मिस्त्री, माझी गाडी धक्का देते. मागून कुणी ढकलल्यासारखा.”

“कधी देते?”

“तिच्या मनाला येईल तेव्हा.”

काकू सत्तरीच्या. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या, त्यामुळे बोलणं अजून स्वच्छ, शब्दन्‌शब्द सुटा. मिस्त्रीने गिअरचं ऑइल पाहिलं. पातळी बरोबर, रंग लाल, जळकट वास नाही. बाजाराला एक चक्कर मारली. गाडी लोण्यासारखी चालली.

“काही नाही हिला,” तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात काकू पुन्हा हजर. “आज इंजिन नुसतंच ओरडत होतं. वेग वाढेना. मग एकदम दणका बसला आणि गिअर पडला.” त्याच्या पुढच्या खेपेला, “रिव्हर्स टाकला, तर गाडी विचार करत उभी राहिली.”

मिस्त्रीने स्कॅनर लावला. या गाड्यांत गिअरचा सगळा कारभार एका छोट्या डबीकडे असतो, कंट्रोल मॉड्यूल. वेग किती, पाय किती दाबलाय, ऑइल किती तापलंय हे ती डबी सतत विचारत राहते आणि त्यावरून कोणता गिअर टाकायचा ते ठरवते. काही बिनसलं की स्वतःच्या आठवणीत नोंद करून ठेवते. स्कॅनर लावला की ती नोंद दिसते. काकूंच्या गाडीत एकही नोंद नव्हती. पाटी कोरी.

डॉक्टरसमोर पेशंटचं दुखणं पळतं, तसं प्रत्येक वेळी व्हायचं. मिस्त्री चक्कर मारून यायचा, तोवर काकू स्टुलावर बसून चहा घ्यायच्या. मग जुन्या ऑफिसातल्या गोष्टी निघायच्या. एकदा दोन भांडणाऱ्या भावांचे फोन चुकून एकमेकांना जोडले गेले आणि त्यांचं भांडण तिथेच मिटलं, ही गोष्ट ऐकून मिस्त्री पाना हातात धरून खो खो हसला होता. त्या गेल्या की गॅरेज जरा जास्तच शांत वाटायचं. पण हे त्याने स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

उलट त्याच्या डोक्यात वेगळंच शिरलं. काकू एकट्या राहतात, बोलायला कुणी नाही, म्हणून गाडीचं निमित्त काढून येतात. आणि एके दिवशी, दुसरं गिऱ्हाईक समोर उभं असताना, उचलली जीभ लावली टाळ्याला.

“काकू, गाडी ठणठणीत आहे. गप्पाच मारायच्या असतील तर नुसत्या या ना. त्या बिचारीला कशाला आजारी पाडता?”

गिऱ्हाईक हसलं. काकू हसल्या नाहीत. त्यांनी अर्धा कप चहा खाली ठेवला, किल्ली उचलली आणि “बरं,” एवढंच म्हणून निघून गेल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. स्टूल तिथेच होतं. मिस्त्री जाता-येता त्याला पाय लावून बाजूला सारायचा आणि पुन्हा जागेवर आणून ठेवायचा.

मग एका दुपारी फोन आला. “मिस्त्री, मी बोलतेय. टेकडीच्या चढावर आहे. गाडी एकाच गिअरमध्ये अडकलीये, काही केल्या बदलत नाही. समोर पिवळा दिवा लागलाय.” आवाज तसाच स्वच्छ होता, पण त्याखाली धाप ऐकू येत होती.

“बाजूला घ्या, बंद करा. मी येतो. आणि कुणाला बॅटरीला हात लावू देऊ नका, नाहीतर नोंद पुसली जाईल.”

“म्हणजे? मी तर दर वेळी घरी गेले की बॅटरीची वायर काढून ठेवते. ह्यांनीच शिकवलंय. गाडी नुसती उभी राहणार असेल तर बॅटरी उतरते म्हणून.”

मिस्त्री डोक्याला हात लावून उभा राहिला. डबी बिचारी दर वेळी खरं सांगून ठेवत होती आणि दर वेळी काकू घरी जाऊन तिची पाटी पुसत होत्या. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. दुसऱ्याला खोटं ठरवायची घाई झाली की साधे प्रश्न सुचत नाहीत.

चढावर पोचून त्याने स्कॅनर लावला. या वेळी नोंदीच नोंदी. वायरी तपासल्या, त्या धड होत्या. दोष डबीचाच. त्याने ती तिथेच काढली, उघडली आणि खिशातल्या भिंगाखाली धरली. आत सोल्डरच्या एका टाक्याला केसाएवढी चीर होती. गार असताना टाका चिकटलेला राही, चढ चढून इंजिन तापलं की उघडा पडे. मग डबीला काही कळेनासं होई आणि गाडी जीव वाचवायला एकाच गिअरला धरून बसे. बाजाराच्या सपाट चकरेत हे कधी दिसणारच नव्हतं.

“काकू, माझं चुकलं,” तो म्हणाला. “तुम्ही खरं सांगत होतात.”

“मला ठाऊक होतं मी खरं सांगतेय,” काकू म्हणाल्या. “नवी डबी कधी येईल?”

“मागवतो. पण वेळ लागेल. चढावर कुठे जायचं असतं तुम्हाला?”

काकूंनी वरच्या वळणाकडे पाहिलं. तिथे झाडांमागे एक लांबट पांढरी इमारत होती. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांना तिथे सांभाळत. “हे तिथे असतात. मी गुरुवार चुकवत नाही.”

“मग डबी येईपर्यंत मी नेतो,” मिस्त्री म्हणाला. काकू नको म्हणाल्या नाहीत.

पहिल्या गुरुवारी तो बाहेरच थांबणार होता, पण काकूंच्या हातात कपड्यांची पिशवी जड होती, म्हणून आत गेला. खिडकीशी खुर्चीत एक उंच, हाडकुळे गृहस्थ बसले होते. काकूंकडे पाहून त्यांनी अदबीने मान झुकवली, जशी अनोळखी बाईला झुकवतात. मग त्यांची नजर मिस्त्रीवर पडली आणि चेहरा एकदम उजळला.

“बाळ्या! अरे, आहेस कुठे तू? किती वाट पाहायची!”

मिस्त्रीने घाबरून काकूंकडे पाहिलं.

“माझे दीर,” त्या हळू म्हणाल्या. “ह्यांचे धाकटे भाऊ. जाऊन खूप वर्षं झाली.” मग किंचित थांबून, “बसा. बोला त्यांच्याशी.”

तो बसला. काका बोलत सुटले. विहिरीत पोहायला शिकवलं ते, परीक्षेत नापास झाल्यावर दोघांनी मिळून प्रगतिपुस्तक लपवलं ते. मिस्त्री आधी नुसतं “हो, हो” करत होता. मग त्याला खरोखर गंमत वाटू लागली. कितीतरी दिवसांत कुणी त्याचा हात असा धरला नव्हता. काकू पलंगाच्या कडेला बसून स्वच्छ धुतलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या घालत होत्या. निघताना काकांनी मिस्त्रीला मिठी मारली. काकूंना म्हणाले, “तुम्हीही या हं बाई कधीतरी.”

उतारावर काकूंनी रिकामी पिशवीही घडी घालून मांडीवर ठेवली.

डबी यायला वेळ लागला. तोवरच्या दर गुरुवारी असंच होत राहिलं. अखेर ती आली. मिस्त्रीने बसवली, त्या गाडीपुरती शिकवून तयार केली आणि या वेळी चढावरून, इंजिन चांगलं तापवून, चक्कर मारली. गिअर कधी बदलला ते कळलंही नाही.

किल्ली देताना तो म्हणाला, “काकांना भेटायला येत जाईन मी. तुमची हरकत नसेल तर.”

काकूंनी किल्ली मुठीत धरली. “जरूर जा. रोज विचारतात म्हणे, बाळ्या कुठाय म्हणून. पण गुरुवारी नका येऊ मिस्त्री. तुम्ही असलात की त्या खोलीत मी नसतेच. तसं गुरुवारी मी एकटी असले तरी ते मला ओळखत नाहीत, पण निदान माझ्याकडे बघतात.”



मग तो रविवारी जाऊ लागला, काकू गुरुवारी. गाडी उत्तम चालत होती, त्यामुळे काकूंना गॅरेजमध्ये यायचं काहीच कारण उरलं नाही. एकदा त्या रस्त्याने जाताना दिसल्या. हात वर केला आणि पुढे गेल्या.

पावसाळा संपत आला तेव्हाचा एक रविवार. काका त्या दिवशी थकलेले होते, फारसं बोलत नव्हते. मिस्त्री उठायला लागला तसा त्यांनी त्याचा हात धरला.

“बाळ्या, ती बाई येते ना, कपड्यांच्या घड्या घालणारी. ती हल्ली तुझ्याबरोबर येत नाही.”

“ती गुरुवारी येते.”

“हो का? तिला सांग, लवकर ये म्हणावं. ती असली की मला बरं वाटतं. कोण आहे, विचारायचं राहूनच गेलं. आता विचारलं तर तिला वाईट वाटेल.”

मिस्त्री बाहेर आला. गाडीत बसला, पण गाडी सुरू केली नाही. त्याने काकूंना फोन लावला आणि काका बोलले ते जसंच्या तसं सांगितलं, एकही शब्द न गाळता.

लाइन तुटली असं वाटून तो “हॅलो, हॅलो” करू लागला.

“आहे मी,” काकू म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा सुटा राहिला नव्हता. “मिस्त्री, परत एकदा सांगता?”

त्याने परत सांगितलं.