शंभरपैकी शंभर

“दाजी, माझं तेवढं उरकून टाका हं. आज टाकीत पहिला मीच उतरणार आहे.”

मेहुण्याने हजेरी ऑफिसच्या खिडकीतून चिठ्ठी आत सरकवली. चिठ्ठीवर त्याचा पासवर्ड होता. खरं तर लिहून द्यायची काही गरज नव्हती. कागद कारखान्यातल्या बेचाळीस कामगारांचे पासवर्ड या कारकुनाला तोंडपाठ होते.

“अरे, कधीतरी स्वतः बस की!”

“मी बसलो तर नापास होईन. मग ताईला काय तोंड दाखवाल?” हसत हसत स्वारी निघूनही गेली.

ताई म्हणजे कारकुनाची बायको. धाकट्या भावाला तिने पोटच्या पोरासारखं वाढवलेलं, आणि त्याला कारखान्यात चिकटवलं ते दाजींनीच. पण आख्ख्या कारखान्यात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे म्हणत ‘पासकाका’. सहा वर्षांपूर्वी सुरक्षेचं प्रशिक्षण कॉम्प्युटरवर आलं, तेव्हा कामगार वैतागले. दिवसभर लगद्यात हात घालायचे आणि वर त्या सेहेचाळीस पानांसमोर जांभया देत बसायचं! काकांनी एकाचं करून दिलं, मग दुसऱ्याचं. पुढे पुढे बेचाळीस जणांचं तेच करू लागले. न वाचता ‘पुढे, पुढे’ दाबत जायचं आणि शेवटी ब, अ, ड, ब, क. शंभरपैकी शंभर! कोणाचं काही बिघडत नव्हतं, वर सगळे दुवा देत होते. काकांनाही त्यात बरं वाटायचं, खोटं कशाला बोला.

आज मात्र प्रकरण नवीन होतं. चार महिन्यांपूर्वी मुख्य कचेरीतून ट्रेनिंगच्या मॅडम आल्या होत्या. मुलगीच म्हणा ना, तिशीचीसुद्धा नसेल. दोन दिवस काकांच्या खोलीत बसून तिने शंभर प्रश्न विचारले. कामगार डबा कुठे ठेवतात, उतरण्यापूर्वी काय बोलतात, घाई कशाची असते.

“लोकांना नियम लक्षात राहत नाहीत, काका, माणूस लक्षात राहतो,” ती म्हणाली होती. “सिनेमात बघा. सुरुवातीलाच एखाद्याला काहीतरी हवं असतं, की आपण निघालो त्याच्या मागे. मग त्याला काही झालं की आपण खुर्चीत पुढे सरकतो. मला ट्रेनिंगमध्ये तेच आणायचंय. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, हा मीच आहे.”

“म्हणजे आता टाकीपाशी गाणीही होणार म्हणा की!” काकांनी टोला हाणला होता. तीही खळखळून हसली होती.

लगद्याच्या मोठ्या टाकीची वर्षातून एकदा सफाई असते. सहा जण उतरायचे होते. त्यांचं नवं प्रशिक्षण झाल्याशिवाय कॉम्प्युटर उतरण्याचा परवाना देणार नव्हता, आणि फोरमनला अकराला काम सुरू करायचं होतं. काकांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि पहिला पासवर्ड टाकला, टकल्या फिटरचा.

‘पुढे’चं बटणच नव्हतं. पडद्यावर नियमही आले नाहीत. आले ते बुटांचे दोन जोड, टाकीच्या तोंडाशी, रिकामे. मग त्याच दिवसाची सकाळ सुरू झाली. दोन कामगार. एकाला मुलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, म्हणून काम लवकर आटपायचंय. दुसरा त्याचा दोस्त, चिडवतोय. त्या दोस्ताच्या छातीवरच्या पट्टीवर नाव होतं टकल्या फिटरचं, आडनावासकट! पासवर्ड ज्याचा, त्याचं नाव पट्टीवर. काका दचकले, मग स्वतःशीच हसले. पोरगी हुशार आहे, म्हणाले.

पहिला उतरला. नासका वास येतोय, तो ओरडला. थोड्या वेळाने म्हणाला, गेला वास. वास गेला नव्हता. विषारी गॅसमुळे नाकाला तो कळेनासा झाला होता, एवढंच एक वाक्य खाली उमटलं. आणि तो माणूस कोसळला. आरडाओरडा नाही, संगीत नाही. कॅमेरा वरच्या दोस्ताच्या चेहऱ्यावर थांबला आणि फिल्म थबकली. ‘तुम्ही काय कराल? दहा सेकंद.’ आकडे उलटे धावू लागले.

काकांनी विचार केलाच नाही. हात आपोआप गेला: ‘उतरून त्याला ओढून काढेन.’

दोस्त उतरला. तिसऱ्या पायरीवर त्याचे हात सुटले. छातीवरच्या नावाची पट्टी लगद्यात बुडेपर्यंत कॅमेरा हलला नाही. मग घरी वाट बघत बसलेली मुलगी, आणि पुन्हा ते बूट. ‘चूक. पुन्हा प्रयत्न करा.’

सहा वर्षं शंभरपैकी शंभर मिळवणारा माणूस पहिल्याच प्रश्नाला मेला होता. वर थांबायचं, भोंगा वाजवायचा, हवेची नळी आल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, हे त्या सेहेचाळीस पानांत कुठेतरी असणारच. त्यांनी ते कधी वाचलं नव्हतं. आणि त्यांनी वाचलं नव्हतं म्हणजे कारखान्यात कोणीच वाचलं नव्हतं.

तेव्हाच उठायला हवं होतं. पण माणसाला सवय सोडत नाही, आणि भीतीपोटी तो तीच सवय आणखी घट्ट धरतो. काकांनी टकल्याचं उत्तर दुरुस्त केलं आणि दुसरा पासवर्ड टाकला. मग तिसरा. उत्तर बरोबर दिलं तरी, चुकलं असतं तर काय झालं असतं, ते फिल्म दाखवायचीच. पट्टीवरची नावं बदलत गेली आणि एकेक जण त्यांच्या डोळ्यांदेखत पडत गेला. सहाव्या खेपेला मेहुण्याचं नाव आलं तेव्हा काकांनी आवाज बंद केला, पडद्यावर हात धरला, तरी बोटांच्या फटींतून दिसायचं ते दिसलंच.

पावणेअकराला परवाना आपोआप फोरमनकडे गेला. सहा जण, सगळे उत्तीर्ण.

काका खुर्चीतच बसून राहिले. बोलावं तर नोकरी जाणार, निवृत्तीला तीन वर्षं असताना. कदाचित पोलीस. सहा वर्षं बेचाळीस जणांच्या नावाने खोट्या परीक्षा! न बोलावं तर? काही होणारही नाही. दर वर्षी उतरतात, दर वर्षी वर येतात. असं स्वतःला समजावता समजावता बारा मिनिटं गेली. ती बारा मिनिटं नंतर त्यांनी कोणालाच सांगितली नाहीत, बायकोलासुद्धा नाही.

मग टाकीचं लोखंडी झाकण ओढल्याचा करकराट आला आणि काका उठून पळत सुटले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पायात चपला, जिन्यावरून दोनदा पडता पडता वाचला.

मेहुण्याचा एक पाय शिडीवर होता.

“वर ये! आधी वर ये!”

“काय झालं दाजी? ताई बरी आहे ना?”

“वर ये म्हणतो ना, गाढवा!”

मेहुण्याने पाय मागे घेतला. फोरमन जवळ आला. तो वाईट माणूस नव्हता, पण घाईत होता. “पासकाका, सगळे पास आहेत. यादी माझ्या हातात आहे.”

“ती यादी खोटी आहे. सहाच्या सहा मी पास केलेत. कोणी काही बघितलेलं नाही.”

फोरमनने त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला घेतलं. “हळू बोला. सगळ्यांना माहीत आहे ते. बोलायचं नसतं.”

“मी बोललोय आता.”

“लेखी देता?” हे त्याने गप्प करायलाच विचारलं होतं.

“द्या कागद.”

कागदाच्या कारखान्यात कोणाकडे चिठोरा सापडेना. शेवटी परवान्याच्याच पाठीवर काकांनी लिहिलं. खाली सही केली, वेळ घातली. मग म्हणाले, “गॅसचा मीटर लावा आधी. कोणाला लावता येतो?”

पिवळा मीटर खोक्यात होता, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. टकल्याने तो उलटा धरला आणि पुढच्याकडे दिला. सहाही जणांच्या हातांतून तो फिरला, शंभरपैकी शंभरवाल्या सहा जणांच्या. शेवटी फोरमनने स्वतः सगळी बटणं दाबली. मीटर चालू होईना. फोरमनच्या तोंडचं पाणी पळालं. “झाकण लावा,” तो शेवटी म्हणाला.

दुपारी काकांना निलंबनाचं पत्र मिळालं. घरी बायकोने ते दोनदा वाचलं, घडी करून फडताळात ठेवलं आणि बोलणंच सोडलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी मेहुणा आला. बाहेरून आलेल्या माणसांनी टाकी तपासली होती.

“शून्य,” तो जेवायला बसता बसता म्हणाला. “गॅस शून्य, दाजी. दोन दिवस पंखा लावला होता म्हणा.”

“त्या दिवशी किती होता?”

“ते आता कोण सांगणार?” त्याचा आवाज चढला. “तीन वर्षं राहिली होती तुमची! वर चौकशी लागली. लोक मला विचारतात, तुझ्या दाजींना वेड लागलं का? आम्ही काय पहिल्यांदा उतरत होतो? काही झालं नसतं.”

“नसतं,” काका म्हणाले.

बायको खाली मान घालून वाढत होती. मेहुणा रागारागाने जेवत होता.

“फिल्म दाखवली का तुम्हाला?” काकांनी विचारलं.

“दाखवली. एकेकाला समोर बसवून.”

“दहा सेकंदांत काय दाबलंस?”

मेहुण्याचा घास हातातच राहिला. ताटाकडे बघतच तो म्हणाला, “उतरेन म्हणून दाबलं.” मग थांबून, अगदी हळू, “सहाही जणांनी तेच दाबलं.”

बायकोच्या हातातली पळी पातेल्यावर वाजली. ती भिंतीला टेकून खाली बसली. काका उठले, पातेलं उचललं आणि मेहुण्याच्या ताटात वाढू लागले.

“पुरे दाजी,” मेहुणा म्हणाला. “अहो, पुरे.”

काका वाढतच राहिले.