ती वही कोणाची

चैत्रालीच्या प्रबंधाचं पहिलं पान वाचलं आणि माझं डोकंच फिरलं.

विषय तिचा भारी. शंभर वर्षांपूर्वी चिनी विचारवंतांनी मार्क्स वाचायला घेतला, तेव्हा त्याचे शब्द चिनी भाषेत कसे बसवले. त्याला माझी काय हरकत असणार? पण पोरीने सुरुवात केली होती माझ्यापासून! ती आठ वर्षांची असताना माझ्या एका जुन्या वहीवरून मी तिला मराठी वाचायला शिकवायचो. तीत ‘वर्गसंघर्ष’ असा शब्द आला, तेव्हा तिने विचारलं होतं, “बाबा, क्लासरूममधली फाइट?” ते सगळं तिने लिहिलं होतं. चिनी लोकांनी ‘वर्गा’साठी घेतलेल्या शब्दाचा मूळ अर्थही जिन्याच्या पायऱ्या असाच होता, म्हणे. आणि पुढे स्पष्ट: ‘ही वही माझ्या वडिलांची, नागपूरच्या कम्युनिस्ट अभ्यासमंडळातली.’

माझी अमेरिकन सिटिझनशिपची मुलाखत मंगळवारी होती. फॉर्मवर सरळ प्रश्न असतो, कम्युनिस्ट पक्षाशी कधी, कुठेही संबंध आला होता का? आधी व्हिसा, मग ग्रीन कार्ड, यात माझे केस पांढरे झाले. मी ‘नाही’वर खूण केली होती.

“हे काढ,” मी फोनवर म्हणालो.

“बाबा, तुम्ही मेंबर कुठे होता? नुसतं रीडिंग करायचात.”

“ते तिथल्या ऑफिसरला कोण समजावणार?”

“पेकिंगला पण असंच मंडळ होतं, नाइन्टीन ट्वेन्टीमध्ये. सुरुवातीला सीक्रेटली भेटायचे. माझा अख्खा चॅप्टर आहे त्यावर. आणि मी माझंच ओपनिंग डिलीट करू?”

“चिन्यांचं तू बघ. मला इथे राहायचंय.”

बोललो आणि माझी मलाच लाज वाटली. नागपूरच्या त्या मंडळात नरेंद्र नावाचा छापखान्यातला कंपोझिटर आम्हा सात पोरांना दर रविवारी शिकवायचा. त्या वहीत अर्धं अक्षर त्याचं आहे. इतक्या मनापासून मला पुढे कोणी काही शिकवलं नाही. चैत्रालीला हे मी एकेकाळी छाती फुगवून सांगितलेलं.

“ओके. बदलते,” ती म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मंगळवारी अधिकारी बाईंनी तो प्रश्न विचारला. मी खणखणीत “नो” म्हणालो. त्या हसल्या, अभिनंदन केलं. पार्किंगमध्ये गाडीत बसलो, पण बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

नागरिकत्वाच्या शपथविधीला चैत्राली आली, फोटो काढले, मिठी मारली. उन्हाळ्यात तिला डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाची बांधलेली प्रत द्यायला ती स्वतः फ्रीमाँटला माझ्या घरी आली. मी आधी पहिलं पान उघडलं.

वर्गसंघर्ष होता. क्लासरूममधली फाइट होती, जिन्याच्या पायऱ्याही होत्या. एकच वाक्य तिने बदललं होतं:

‘ती वही कोणाची होती, मला माहीत नाही.’